स्ट्रेंग्थ १८ म्हणजे नक्की किती? कॅरेक्टर शीटवरचे मोठे आकडे कसे वाचायचे

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एक पात्र घेऊन फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) नव्याने खेळणारे सगळे हा प्रश्न विचारतातच, की माझ्या फायटरची (लढवय्या पात्राची) स्ट्रेंग्थ १८ आलीये तर तो किती ताकदवान? मी इथे २०१४ चं फिफ्थ एडिशन, म्हणजे नियमांची पाचवी आवृत्ती, धरून सांगतो.

सुरुवात १० पासून करा. १० किंवा ११ म्हणजे साधा माणूस, नियमांमधला कॉमनर स्ट्रेंग्थ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), इंटेलिजन्स (बुद्धी), विझडम (जाण) आणि करिझ्मा (छाप) अशा सहाही ठिकाणी १० घेऊन फिरतो. स्कोअरमधून १० वजा करायचे, उरेल त्याचं अर्धं करायचं, अर्धा उरला तर खालचा आकडा घ्यायचा, हा झाला मॉडिफायर. १८ ला +४, २० ला +५, ८ ला -१. रोल करताना, म्हणजे वीस बाजूंचा फासा (डी२०) टाकताना, त्यात हाच मिळवायचा, त्यामुळे १६ आणि १७ मध्ये रोलपुरता काहीच फरक पडत नाही.

आता १८ किती दुर्मिळ ते बघा. स्कोअर ठरवायला सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज केली तर २१६ वेळात एकदा १८ येतो. चार टाकून सगळ्यात लहान काढून टाकला तरी एका स्कोअरला साधारण १.६ टक्केच चान्स, आणि स्टँडर्ड अ‍ॅरे (फासे न टाकता घ्यायचे सहा ठरलेले आकडे) घेतला तर त्यात सगळ्यात मोठा आकडाच १५ आहे. म्हणजे पहिल्याच लेव्हलला १८ घेऊन आलेला माणूस पंचक्रोशीत नाव असलेला असणार, त्याची बॅकस्टोरी लिहिताना हे लक्षात ठेवा, लोक त्याला ओळखत असतील, काहीजण घाबरतही असतील.

अंदाज यायला मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे मॉन्स्टरचं पुस्तक उघडून तोच आकडा शोधायचा. स्ट्रेंग्थ १८ लढाईच्या घोड्याची आहे, १९ ओगर या राक्षसाची, २२ हत्तीची, २९ स्टॉर्म जायंटची. साध्या मांजराची डेक्स्टेरिटी १५, म्हणजे तुमचा १८ वाला रोग (rogue, चोरासारखं चलाख पात्र) मांजरापेक्षा चपळ! इंटेलिजन्स २० आर्चमेजची (महाजादूगाराची), आणि अ‍ॅडव्हेंचररला एरवी २० च्या वर जाताही येत नाही. फक्त घोडा आकाराने लार्ज असल्यामुळे तुमच्या फायटरच्या दुप्पट वजन वाहतो, आकडा सारखा असला तरी.

किलोत बघायचं तर स्ट्रेंग्थ गुणिले १५ एवढे पाउंड वाहता येतात आणि गुणिले ३० एवढे उचलता किंवा ढकलता येतात. १८ ला म्हणजे साधारण १२२ किलो पाठीवर आणि २४५ किलो उचलून. पण हे फार ताणू नका. २०२० मध्ये हाफथोर ब्यॉर्नसन या स्ट्राँगमनने ५०१ किलोची डेडलिफ्ट मारली, आणि नियमांनी माणसाच्या आकाराच्या कुणाला ३० स्ट्रेंग्थ दिली तरी तो ४०८ वरच थांबतो. हे नियम खेळ चालवायला केलेत, फिजिक्ससाठी नाहीत.

डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारे) लोकांनी हे नीट वाचा. २० स्ट्रेंग्थवाला आणि १० वाला यांनी पंजा लढवला, दोघांनी एक एक डी२० टाकला, तर कमजोर माणूस साधारण २६ टक्के वेळा जिंकतो, कारण +५ च्या मानाने फासा खूप मोठा आहे. म्हणून उगाच रोल मागू नका. निकाल खरंच अनिश्चित असेल तेव्हाच रोल, नाहीतर सरळ सांगा की हो, तू दार उचकटून काढलंस. मोठ्या स्कोअरचा मान असाच राखला जातो, आणि प्लेयरचा चेहरा किती खुलतो ते बघा.

कॉन्स्टिट्यूशन कंटाळवाणी वाटते पण १८ असेल तर दर लेव्हलला ४ हिट पॉइंट (किती मार झेपेल त्याचा आकडा) जास्त आणि ५ मिनिटं श्वास रोखता येतो, १० वाल्याला एकच मिनिट.

खरी गंमत आणि खरी अडचण इंटेलिजन्स, विझडम आणि करिझ्मामध्ये आहे, कारण तिथे प्लेयर वेगळा आणि कॅरेक्टर वेगळं. इंटेलिजन्स १८ असेल तर डीएमने न मागता माहिती द्यावी, ‘तुला आठवतं की ही लिपी जुन्या राजघराण्याची आहे’ अशी. विझडम १८ वाल्याला ती लिपी वाचता येणार नाही कदाचित, पण पुजाऱ्याचे हात थरथरतायत हे त्यालाच आधी दिसेल. आणि करिझ्मा म्हणजे नुसतं देखणेपण नाही, समोरच्यावर छाप पाडायची ताकद आहे, त्यामुळे भयानक दिसणाऱ्या माणसाचीही १८ असू शकते. लाजाळू प्लेयरला जोरदार भाषण करायला लावू नका, ‘मी त्याच्या मुलीचं नाव काढून त्याला थांबवायचा प्रयत्न करते’ एवढं ती म्हणाली तरी पुरे, पुढचं काम +४ करेल. ताकदवान फायटरच्या प्लेयरला आपण टेबल उचलून दाखव म्हणत नाही ना, मग बोलण्याच्या बाबतीत तरी असा हट्ट का धरायचा?