कानावर पडलेल्या चालीपासून गाण्यामागच्या माणसापर्यंत कसं पोचायचं

नाशिकरोडहून सीबीएसला येत होतो, सिटीलिंकच्या बसमध्ये मागच्या सीटवर एक मुलगा शिट्टीवर एकच चाल वाजवत होता, शब्द काहीच नाहीत, फक्त चाल, आणि द्वारकाचा सिग्नल सुटेपर्यंत ती माझ्या डोक्यात पक्की बसली. तो सारडा सर्कलला उतरला आणि माझं विचारायचं राहून गेलं. म्हणून पहिलं हेच सांगतो, समोर माणूस असेल तर सरळ विचारा, कोणतं गाणं आहे रे. गाणं आवडणाऱ्या माणसाला असं विचारलं की आनंदच होतो.

माणूस गेला असेल तर मग फोन. इथे बरेच जण शाझाम, म्हणजे गाणं ओळखणारं अ‍ॅप, उघडून स्वतःच गुणगुणतात आणि काही सापडत नाही म्हणून सोडून देतात. शाझाम आवाजाचा एक नकाशा करतं, कोणत्या क्षणाला कोणता सूर सगळ्यात ठळक आहे असे बिंदू उचलतं आणि त्या बिंदूंच्या जोड्या आपल्याकडच्या रेकॉर्डिंगशी जुळवून बघतं, त्यामुळे त्याला तेच मूळ रेकॉर्डिंग ऐकू यावं लागतं. कॅफेत स्पीकरवर गाणं लागलंय, मागे कपबशांचा आवाज आहे, तरी ओळखेल. पण गंगापूर रोडच्या कॅफेत कोणी गिटार घेऊन तेच गाणं लाइव्ह म्हणत असेल तर बहुतेक वेळा नाही ओळखणार, कारण सूर तेच असले तरी रेकॉर्डिंग ते नाही. चालच डोक्यात असेल तर गूगलचं अ‍ॅप उघडा, माईक दाबा, गाणं शोधायचा पर्याय येतो, आणि दहा-पंधरा सेकंद गुणगुणा. २०२० पासून आहे ही सोय. हे फक्त चालीचा चढउतार बघतं, त्यामुळे सूर थोडा हलला तरी चालतं, शब्द येत नसतील तर नुसतं ता-ना-ना करा, फक्त लय सोडू नका. मी रात्री जेलरोडला आमच्या गच्चीवर जाऊन केलं, रस्त्यावर हॉर्नमध्ये दोनदा फसलं होतं.

आणि शब्द आठवत असतील तर अवतरण चिन्हात टाकून शोधा, पण लव्ह, हार्ट, बेबी असले शब्द घेऊ नका, ते हजार गाण्यांत असतात. आकडा, गावाचं नाव, नातं, असं काहीतरी पकडा.

मला सापडलं ते 'सेव्हन इयर्स', २०१५ चं, बँडचं नाव लुकास ग्रॅहम. हे एका माणसाचं नाव वाटतं पण बँड आहे, डेन्मार्कचा, आणि गायकाच्या नावावरून पडलंय, त्याचं पूर्ण नाव लुकास ग्रॅहम फॉर्कहॅमर. गाणं २०१६ ला ब्रिटनमध्ये पाच आठवडे एक नंबरला होतं, अमेरिकेत दोन नंबरपर्यंत गेलं. नाव कळलं की बरेच जण प्लेलिस्टमध्ये टाकून मोकळे होतात. तिथे थांबू नका, मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे.

आधी क्रेडिट्स, म्हणजे गाणं कोणी लिहिलं-केलं ती नावं, उघडा, गाणी ऐकायच्या अ‍ॅपमध्ये गाण्याशेजारच्या तीन टिंबांत असतात. लिहिणाऱ्यांत गायकाचं स्वतःचं नाव आहे का बघा, कारण 'मी' म्हणणारं प्रत्येक गाणं गाणाऱ्याचं असतंच असं नाही. इथे आहे.

मग वही घ्या, खरंच कागदावर करा हे, आणि गाण्यात येणारी वयं लिहून काढा. सात, अकरा, वीस, तीस, साठ, आणि शेवटी परत सात. प्रत्येकासमोर कोण बोलतंय ते लिहा. सातला आई सांगते मित्र जोड, अकराला बाप सांगतो संसार कर, नाहीतर एकटा पडशील. आता गायकाचं जन्मवर्ष शेजारी मांडा, १९८८. म्हणजे गाणं आलं तेव्हा हा तिशीचाही नव्हता, वीसपर्यंतचं सगळं जगून झालेलं आणि तीस-साठ नुसतं डोळ्यापुढे आणलेलं. आणि साठ का, सत्तर-ऐंशी का नाही? त्याच ओळीत उत्तर आहे, बापाला एकसष्टच वर्षं मिळाली. त्याचे वडील २०१२ ला गेले. हे कळल्यावर मी गाणं परत लावलं तेव्हा साठपर्यंत येताना छातीत कसंतरी झालं, आधी पाच वेळा ऐकूनही झालं नव्हतं.

त्यानंतर गावाकडे वळा. लुकास वाढला कोपनहेगनमधल्या क्रिस्टियानियात. लष्कराच्या रिकाम्या बराकींत १९७१ ला लोक शिरले आणि तिथेच राहिले, आपले नियम आपण केले, आत मोटारी चालत नाहीत. अकराव्या वर्षी दारू-धूर आणि पैशाची ओढ, ही ओळ तो भाग माहीत असला की शायनिंग वाटत नाही, शेजारपाजारचं वर्णन वाटतं. आणि हाच मुलगा लहानपणी कोपनहेगनच्या मुलांच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, शिकलेला, आवाज इतका स्वच्छ कुठून आला ते तिथे कळतं.

मग त्याच अल्बममधली बाकीची गाणी, पण शफल बंद करून. 'मामा सेड' आधी ऐका, त्यात पैसे नसलेलं घर आणि आईचा धीर आहे, मग 'यू आर नॉट देअर', ते वडिलांसाठी आहे. सातला बोलणारी आई आणि अकराला बोलणारा बाप इथे पूर्ण भेटतात. शेवटी एखादं लाइव्ह रेकॉर्डिंग बघा, व्हिडिओ साधाच निवडा. कव्हर, म्हणजे दुसऱ्या कोणी गायलेलं तेच गाणं, मात्र नंतर, माझ्याकडे आधी एक कव्हरच डाउनलोड झालं होतं आणि सुरुवातीला प्रोजेक्टर फिरल्यासारखा जो आवाज आहे तो त्यात नव्हताच, जुनी फिल्म लागतेय असं जे वाटतं ते सगळं गेलं होतं.

आणि जमलं तर घरच्या कोणासोबत एकदा ऐका, अर्थ सांगत. आमचे बाबा प्रेसमधून रिटायर झालेत, इंग्लिश गाणी कधी लावत नाहीत, मी एकेक कडवं थांबवून मराठीत सांगत गेलो. साठ वर्षाच्या कडव्यात तो म्हणतो की पोरांनी महिन्यातून एक-दोनदा तरी भेटायला यावं. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "झालीत का पण त्याला पोरं?" मी तिथेच शोधलं, गाणं जगभर गाजलं त्याच वर्षी, २०१६ ला, त्याला मुलगी झाली. सांगितलं तसं म्हणाले, "लाव बरं परत, पहिल्यापासून."