नखांचं काम शिकताय? या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि तिकडे नवी मुंबईत वाशी-नेरूळला जेल नेल्स (दिव्याखाली कडक होणारा रंग) करणारी सलून गल्लोगल्ली झाली आहेत. शिकाऊ मुली नेल आर्ट पटकन उचलतात. बिघडतं ते रंग लावण्याआधीच्या तयारीत. मग गिऱ्हाईक "चार दिवसांत निघालं" म्हणत परत आलं की खापर बेस कोटच्या, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराच्या, बाटलीवर फुटतं. बाटलीचा दोष क्वचितच असतो.

जिवंत त्वचा कापणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. नखाच्या मुळाशी त्वचेची जी घडी दिसते ती जिवंत असते. तिच्याखाली मॅट्रिक्स असतं, म्हणजे जिथे नख तयार होतं ती जागा, आणि पाणी व जंतू तिथवर पोचू न देणं हे त्या घडीचं काम. घडीखालून निघून नखाला चिकटून पुढे सरकणारा पातळ, पारदर्शक मृत पापुद्रा म्हणजे क्युटिकल. काढायचं ते एवढंच. क्युटिकल मऊ करणारा रिमूव्हर लावा, ते मागे सारायचा पुशर जवळजवळ आडवा धरा, हात हलका ठेवा. निपर, म्हणजे छोटी कातरी चिमटी, फक्त सुटलेल्या सालपटांसाठी.

"ताई, अजून साफ काढा ना" असा हट्ट होतोच. घडी कापली की ती पुढच्या वेळी जास्तच जाड आणि खरखरीत होऊन येते, हे समजावून सांगा. शिवाय जंतूंना वाट मोकळी होते आणि नखुरडं होतं: कड लाल, सुजलेली, ठणकणारी, कधी पू धरलेली. मासळी साफ करणाऱ्या किंवा पोळीभाजी केंद्रात राबणाऱ्या बायकांचे हात दिवसभर ओले असतात, त्यांच्या नखांच्या कडा बऱ्याचदा आधीच सुजलेल्या असतात. अशा बोटांवर निपर उचलूच नका.

पुशर मुळाशी दाबला तर दुखापत मॅट्रिक्सला होते, पण दिसते नंतर. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. त्यामुळे आडवी खाच किंवा पांढरा ठिपका वर यायला काही आठवडे जातात, आणि तोवर कुणाला काही आठवत नाही. पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. बहुतेक वेळा ते असल्या बारीक माराचेच असतात, तेव्हा गोळ्या सुचवायच्या भानगडीत पडू नका.

जेल सुटतंय? कुठून ते बघा

मुळाकडून सुटत असेल तर क्युटिकल राहिलंय किंवा जेल त्वचेवर गेलंय. टोकाकडून सुटत असेल तर नखाच्या टोकाच्या कडेवरून जेल फिरवून ती बंद केलेली नाही. अख्खा पापुद्रा निघून आला तर नखावर तेल किंवा ओल होती, किंवा बेस कोट लॅम्पमध्ये नीट क्युअर (म्हणजे कडक) झालेला नाही. थर जाड लावला की वरचा भाग आवळतो, सुरकुत्या पडतात आणि खालचा ओलाच राहतो. चारही बोटांबरोबर अंगठा लॅम्पमध्ये घातला की तो तिरका राहतो, म्हणून अंगठे वेगळे क्युअर करा.

आपल्याकडची खास सवय म्हणजे आधी साबणाच्या कोमट पाण्यात हात बुडवायचे आणि मग जेल लावायचं. नख पाणी शोषून थोडं फुगतं, सुकताना आक्रसतं, आणि वरचं जेल सुटतं. साध्या नेलपॉलिशच्या मॅनिक्युअरला पाणी चालेल. जेलच्या दिवशी हात कोरडेच ठेवा.

मात्र सुटू नये म्हणून नख घासत बसणं वाईटच. नैसर्गिक नखावर 180 किंवा 240 ग्रिटची फाइल पुरे (आकडा लहान तितकी फाइल खरखरीत). 80-100 ची फाइल ॲक्रिलिकच्या कृत्रिम नखांसाठी असते. लॅम्पमध्ये गिऱ्हाईक "भाजतंय" म्हणालं तर थर जाड आहे किंवा नख घासून पातळ झालंय. जेल काढताना ॲसिटोनला 10-15 मिनिटं द्या. जेल खरवडून ओढलं की नखाचे वरचे थरही त्याबरोबर येतात.

कधी हात लावायचा नाही

नख जेलखाली हिरवट दिसलं तर तो बहुधा जीवाणूंचा रंग. सुटलेल्या जेलखाली पाणी साचलं की होतो, पावसाळ्यात जास्तच. त्यावर नवा कोट चढवू नका. जेल काढा आणि डॉक्टरांकडे पाठवा. पिवळं, जाड, भुगा होणारं नख बुरशीचं असू शकतं, सोरायसिसचंही असू शकतं. निदान करणं आपलं काम नाही. "खासगीत महाग पडतं" म्हणणाऱ्यांना कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज या ठाणे महापालिकेच्या रुग्णालयाचं नाव सुचवा.

उभी काळी-तपकिरी रेघ आपल्यासारख्या सावळ्या रंगात पुष्कळदा निरुपद्रवी असते, विशेषतः अनेक नखांवर असेल तर. एकाच नखावर नव्याने आलेली, रुंदावणारी किंवा शेजारच्या त्वचेत रंग उतरलेली रेघ मात्र त्वचारोगतज्ज्ञांनी बघायलाच हवी. मेंदीचा डाग समजून त्यावर रंग लावू नका. मेंदीचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं.

पायाचं काम करताना मधुमेह आहे का, हे आधी विचारा. असेल तर कुरूपावर ब्लेड चालवायचं नाही. चिखल्या झालेल्या असतील तर पेडिक्युअर पुढे ढकला. पायाचं नख सरळ कापा. कोपरे गोल करून आत खोल कापले की नख मांसात रुतायला लागतं.

अवजारं आणि तुमचे स्वतःचे हात

निळ्या दिव्याची पेटी अवजारं निर्जंतुक करत नाही, डेटॉलच्या पाण्याचा पेलाही नाही. धातूची अवजारं ब्रशने धुवा, कोरडी करा आणि 121 अंशांवर 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात ठेवा. एका गिऱ्हाइकाची लाकडी फाइल दुसऱ्याला वापरू नका.

न क्युअर झालेलं जेल रोज त्वचेला लागलं की ॲलर्जी होऊ शकते: खाज, पुरळ, नख खालच्या त्वचेपासून (नेल बेड) सुटणं. एकदा झाली की ती सहसा जन्माची, आणि दाताच्या काही फिलिंगमध्येही याच कुळातली रसायनं असतात, म्हणजे तिथेही त्रास होऊ शकतो. युरोपियन युनियनने 1 सप्टेंबर 2025 पासून टीपीओवर (जेल लॅम्पखाली कडक व्हावं म्हणून घालतात ते रसायन) बंदी आणल्यावर "टीपीओ-फ्री" बाटल्यांचा गाजावाजा झाला. पण ॲलर्जीच्या बाबतीत मुख्य आरोपी आहे हेमा (HEMA) हे जेलमधलं दुसरं रसायन, तेव्हा लेबलवर तेही शोधा. लॅटेक्सच्या पातळ हातमोज्यांतून ही रसायनं आरपार जातात. नायट्राइलचे वापरा, आणि त्यावर जेल सांडलं तर पुसत बसू नका, हातमोजा बदला.