अल्बम सुचवताना नुसतं नाव पुरत नाही

‘बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ऐक’ एवढंच सांगितलं, तर समोरचा भलतंच रेकॉर्डिंग लावतो. या रचनेची एकट्या पियानोवादक ग्लेन गूल्डची दोन स्टुडिओ रेकॉर्डिंग आहेत: १९५५ चं साधारण ३९ मिनिटांचं, १९८१ चं ५१ मिनिटांचं. दोन्हींचा स्वभाव पूर्ण वेगळा. म्हणून शिफारस अशी लिहा:

१. पाश्चात्त्य शास्त्रीय असेल तर संगीतकार, रचना, वादक किंवा कंडक्टर-ऑर्केस्ट्रा आणि रेकॉर्डिंगचं वर्ष.
२. जॅझ असेल तर बँडलीडर, अल्बम, वर्ष. सोबतचे वादकही लिहाच. त्या नावांवरून ऐकणाऱ्याला पुढचे अल्बम आपोआप सापडतात.
३. लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) आणि तिने त्या आवृत्तीला दिलेला कॅटलॉग नंबर. सीडीच्या कडेवर तो छापलेला असतो. सर्चमध्ये टाकला की बहुतेक वेळा नेमकी तीच आवृत्ती मिळते.
४. आधी कोणता ट्रॅक ऐकायचा, ते एका ओळीत.

स्ट्रीमिंग ॲपवर दिसणारं वर्ष मात्र तपासून घ्या, अनेकदा ते रीइश्यूचं, म्हणजे नंतर पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं असतं. आवृत्तीने खरोखर फरक पडतो: जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमची पहिली बाजू कित्येक वर्षं किंचित चढ्या स्वरात वाजत होती. मूळ टेपचा वेग चुकला होता. तो १९९० च्या दशकातल्या रीइश्यूत दुरुस्त झाला.