तांब्याच्या नळीची कॉइल: किंक न बसू देता कशी गुंडाळावी

तांब्याची मऊ नळी हाताने सहज वाकते. म्हणूनच नवीन माणूस घाई करतो आणि पहिल्याच वेढ्यात किंक बसतो, म्हणजे नळी एका जागी मुडपून घडी पडते. ताकदीचा इथे फारसा संबंध नाही. नळीची प्रत्येक जागा एकदाच वाकली पाहिजे, तीही ज्या गोल साच्यावर गुंडाळायची त्याला टेकूनच. बाकीची सगळी काळजी या एका गोष्टीसाठी घ्यायची.

नळी वाकते तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. ताण बाहेरच्या भिंतीला आत ओढतो, त्यामुळे गोल नळी आधी अंडाकृती होते. मग आतल्या बाजूला सुरकुती पडते, आणि सुरकुती पडली की सगळं वाकणं त्याच जागी गोळा होतं. किंक असा अचानक बसलेला दिसतो, पण आतल्या बाजूचा चकाकीचा पट्टा आधीपासूनच रुंदावत असतो. त्याच्यावर नजर ठेवा. शंका आली तर व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा: ९.५२ मिमीची नळी आडवी १० मिमीच्या पुढे गेली तर तिथेच थांबा.

कॉइलसाठी गुंडाळीत मिळणारी मऊ नळीच घ्या. सरळ लांबीत मिळणारी कडक नळी या कामाची नाही. दुकानात माप सुतात बोलतात: दोन सूत म्हणजे ६.३५ मिमी, तीन सूत ९.५२, चार सूत १२.७ आणि पाच सूत १५.८८. ही सगळी बाहेरची मापं आहेत. शिकायला तीन सूत आणि ०.७ ते ०.८ मिमी भिंत उत्तम. पातळ भिंतीची नळी स्वस्त पडते, पण सुरकुती तिलाच लवकर पडते. कोणीतरी उलगडून, सरळ करून, परत गुंडाळलेली नळी घेऊ नका. तांबं वाकवलं की कडक होतं, त्यामुळे ती हातात येण्याआधीच कडक झालेली असते.

लांबीचा हिशेब आधी करा. एका वेढ्याला लागणारी नळी म्हणजे साच्याचा व्यास अधिक नळीचा व्यास, गुणिले ३.१४. साच्याला ११० मिमीचा पीव्हीसी पाईप आणि तीन सुती नळी धरली तर एक वेढा सुमारे ३७५ मिमी, १२ वेढे ४.५ मीटर. दोन्ही टोकांना ३० सेंटिमीटर शेपूट आणि वर २० सेंटिमीटर शिल्लक धरून ५.३ मीटर कापा. कापायला ट्यूब कटर वापरा, कारण हॅकसॉचा कीस आत जातो. कापल्यावर आतली कडा रीमरने (कडा खरवडायच्या हत्याराने) साफ करा.

साचा किती लहान असावा? बाहेरच्या बाजूचा ताण साधारण नळीचा व्यास भागिले वेढ्याचा मधला व्यास इतका असतो. तीन सुती नळीला ११० च्या साच्यावर तो ८ टक्के येतो, ७५ च्या साच्यावर ११, आणि ५० च्या साच्यावर १६. पहिल्या दोन्हींवर रिकामी नळी सावकाश गुंडाळता येते. ५० वर उतरायचं असेल तर आत वाळूचा भराव हवाच, असं आमचं मत. चार सुती नळी ११० वर १० टक्क्यांच्या आसपास जाते. तिथेही नवीन माणसाने भराव करावा.

आता गुंडाळणं. गुंडाळीतून नळी काढताना ती बाजूने उपसू नका. मोकळं टोक जमिनीवर दाबून धरा आणि गुंडाळी चाकासारखी पुढे फिरवत न्या. नळी दोरीसारखी सरळ करायचीही गरज नाही. तिचा मूळ बाक असतो, त्याच दिशेला वेढे घ्या. बाक मोडून उलट्या दिशेला वाकवलं की तीच जागा दोनदा वाकली आणि कडक झाली.

कॉइलच्या तळातून एक टोक काटकोनात वर आणायचं असेल तर तो बाक लिव्हर बेंडरने (दांड्याने नळी वाकवायच्या हत्याराने) सर्वात आधी मारून घ्या. कॉइल तयार झाल्यावर तिथे बेंडर बसत नाही.

पहिली शेपूट साच्यावर होज क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या पट्टीने) पकडा, मध्ये रबराचा तुकडा ठेवा. साच्याला भोक पाडून त्यात टोक अडकवू नका. पहिला किंक तिथेच बसतो. दोघं असाल तर एकाने साचा फिरवावा, दुसऱ्याने नळी द्यावी. नळी देणाऱ्याचा हात साच्यापासून चार बोटांवर असावा आणि नळी साच्याकडे सरळ रेषेत जावी. दुसऱ्या हाताच्या तळव्याने, नळी साच्याला टेकते तिथे दाब द्या. मागे हलका ताण कायम ठेवा. हा ताण फार उपयोगी आहे, कारण त्याने आतल्या बाजूचा दाब कमी होतो आणि सुरकुतीचं कारणच कमी होतं. हात लांब नेऊन नळी ओढली की ती साच्यापर्यंत पोचायच्या आधी हवेतच वाकते. बहुतेक किंक हवेतच बसतात.

वेढे एकमेकांना चिकटवून घ्या. अंतर हवं असेल तर शेवटी वेढ्यांमध्ये लाकडी पट्टी सरकवत थोडंथोडं उघडा.

सोडल्यावर कॉइल काही मिलिमीटर मोकळी होते. पाण्याच्या कूलरच्या टाकीवर बसवायच्या कॉइलमध्ये ही गोष्ट महत्त्वाची आहे. थेट टाकीवर गुंडाळली तर सोडल्यावर फट राहते आणि गारवा टाकीपर्यंत पोचत नाही. म्हणून टाकीपेक्षा किंचित लहान साच्यावर गुंडाळा आणि मग टाकीवर चढवा, म्हणजे ती आवळून बसते.

भरावासाठी बारीक, धुतलेली, चाळलेली वाळू सर्वात बरी. वरच्या ५.३ मीटर नळीला सुमारे पाव लिटर, वजनाने ४०० ग्रॅमच्या आसपास लागते. वाळू तव्यावर पूर्ण कोरडी करा. ओल राहिली आणि नंतर नळी तापवली तर वाफ होऊन बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. एका टोकाला लाकडी बूच ठोका, दुसरं टोक गॅलरीतून वर धरा, आणि वाळू ओतताना नळीवर लाकडी मोगरीने खालून वर टकटक करत राहा. पातळी बसणं थांबेपर्यंत भरा. अर्धवट भरलेली नळी रिकाम्या नळीइतकीच किंक खाते, नेमकी पोकळीच्या जागी. वाळूऐवजी बारीक मीठ चालतं, पाण्याने निघून जातं. पण नंतर भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर ते तांबं खातं.

रेफ्रिजरंटच्या, म्हणजे फ्रिज-एसीच्या गॅसच्या नळीत मात्र वाळू नाही आणि मीठही नाही. एक कण कॅपिलरीत (त्यातल्या केसासारख्या बारीक नळीत) अडकला की सगळं काम वाया. तिथे बाहेरून चढवायची स्प्रिंग किंवा लिव्हर बेंडर वापरा आणि मोठा व्यास घ्या. स्प्रिंग अडकली तर ओढू नका. ती ज्या दिशेला उलगडते त्या दिशेला पिळत काढा. कॅपिलरी गुंडाळायला मार्कर पेनाइतकी जाड कांडी पुरते, पण तिथला छोटासा दबही गॅसचा प्रवाह बदलतो.

गुंडाळताना नळी ताठ लागायला लागली तर ती कडक झाली आहे. ती मऊ करायला मंद लाल होईपर्यंत तापवा आणि थंड होऊ द्या. पाण्यात बुडवली तरी चालते. पोलादासारखं तांबं त्याने कडक होत नाही. (भराव असताना बुडवू नका.) पुण्याच्या तांबट आळीत मठारकामाने भांडं टणक करतात. तिथे ठोके पडतात, इथे नळी वाकते, पण धातूत घडतं ते एकच. पीव्हीसीच्या साच्यावर असताना अर्थातच तापवू नका. आणि रेफ्रिजरंटची नळी उघड्या हवेत तापवू नका: आत काळी पापडी धरते, ती सुटून फिल्टर चोंदते. तापवायचीच असेल तर आतून नायट्रोजन वाहता ठेवा.

ॲल्युमिनियमची नळी वेगळी. ती लाल होत नाही, सरळ वितळून पडते. तिच्यावर साबणाची रेघ ओढा. रेघ काळी पडली की ज्योत काढा.

किंक बसलाच तर हातोडी उचलू नका. नळी थोडी चपटी झाली असेल तर तिथे फ्लेअरिंग ब्लॉकचं (नळीचं टोक फुलवताना ती पकडायच्या दुभंगी ठोकळ्याचं) त्याच मापाचं छिद्र लावून हळूहळू आवळा, बरीचशी गोल होते. घडीची रेघ स्पष्ट उमटली असेल तर ती जागा कापून जोड मारा. सरळ केलेली घडी कडक असते आणि कंप्रेसरच्या थरथरीने तिथेच तडकते.

शेवटी तपासणी. वाळू भरली असेल तर ती उलटसुलट टकटक करून काढा आणि पाणी सोडून धुवा. मग आतल्या व्यासाच्या सुमारे ८० टक्के मापाची पोलादी गोळी आत टाका. तीन सुती, ०.८ मिमी भिंतीच्या नळीला पाव इंची गोळी बसते. हवा मारून ती उडवू नका. कॉइल आडवी धरून चाकासारखी फिरवा. गोळी तळाशीच राहते आणि वेढ्यामागून वेढा पुढे सरकत दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. कान लावून ऐका: ती जिथे थबकते, त्या वेढ्यावर खडूने खूण करा.