वायरी बांधायच्या, पण सुटतील अशा

टेबलाखालच्या वायरी आवरायच्या म्हटल्या की लोक आधी खरेदीला निघतात. थांबा जरा. टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढा, स्विच बंद करा आणि सगळ्या पिना काढा. सगळ्या म्हणजे सगळ्या. मी घरूनच जीएसटीची रिटर्न्स भरते, त्यामुळे टेबलावर डेस्कटॉप, दोन मॉनिटर, यूपीएस, राउटर, लेझर प्रिंटर असा संसार आहे. एवढ्यात एखादी तरी वायर निघतेच जिच्या दुसऱ्या टोकाला काहीच नसतं.

आता नावं घाला. मास्किंग टेपचा तुकडा वायरीभोवती झेंड्यासारखा दुमडायचा आणि मार्करने लिहायचं: ‘मॉनिटर डावा’, ‘राउटर १२ व्होल्ट’. दोन्ही टोकांना, कारण ओळखायची वेळ येते ती एक्स्टेंशन बोर्डापाशी, वाकून, अर्ध्या उजेडात. अ‍ॅडॅप्टरवर व्होल्टेज लिहाच. गोल पिन दुसऱ्या यंत्रातही छान बसते आणि ९ व्होल्टच्या वस्तूला १२ व्होल्ट मिळतात.

मग भार. ६ अँपिअरच्या, म्हणजे नेहमीच्या छोट्या पॉइंटवर २३० व्होल्टला फार तर १३८० वॅट चालतात. कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर मिळून एवढं सहसा ओढत नाहीत. लेझर प्रिंटरचं मात्र वेगळं आहे. टोनर कागदावर पक्का करायला त्याच्या आत हीटर असतो आणि तो तापताना एकदम वीज ओढतो. म्हणून त्याला भिंतीतला स्वतंत्र पॉइंट द्या, यूपीएसवर टाकू नका. एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन जोडायचं नाही, आणि चहाची इलेक्ट्रिक किटली या बोर्डावर आणायचीच नाही, कितीही सोयीची वाटली तरी.

बोर्ड जमिनीवरून उचलणं हे यातलं सर्वांत मोठं काम. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. मावशींचं फडकं भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत बिनधास्त गेलं पाहिजे, ही माझी कसोटी. बऱ्याच बोर्डांच्या पाठीला स्क्रू अडकवायची भोकं असतात. ती वापरून तो टेबलाच्या मागच्या फळीवर आडवा बसवा. दुहेरी चिकटपट्टीवर माझा विश्वास नाही, उन्हाळ्यात वजनाने सुटते. काचेचं टेबल असेल तर बोर्ड टेबलाच्या पायाला नायलॉन टायने, म्हणजे एकदा आवळली की कापावीच लागते त्या पट्टीने, आवळा. नायलॉन टाय मी फक्त इथेच वापरते.

बाकी सगळीकडे वेल्क्रो. एक मॉनिटर बदलायचा झाला तर नायलॉनच्या सगळ्या गाठी कापाव्या लागतात, आणि कात्री शेजारच्या वायरीलाही लागू शकते. शिवणाच्या सामानातल्या वेल्क्रोत काटेरी आणि मऊ पट्टी वेगवेगळी येते, ती पाठीला पाठ लावून शिवावी लागते. त्यापेक्षा पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, चौकशी करा. एका बाजूने काटेरी, दुसरीकडून मऊ असा तयार रोल घ्या. वितीवितीवर एक पट्टी पुरे. पट्टीतून एक वायर ओढली तर ती सरकत बाहेर यावी, इतपतच घट्ट.

विजेच्या वायरी टेबलाच्या एका अंगाने, नेट आणि मॉनिटरच्या एचडीएमआयच्या दुसऱ्या अंगाने न्या. टेबलाएवढ्या अंतरात इंटरनेटला काही फरक पडत नाही, पण शोधायला सोपं जातं. फायबरच्या बारीक वायरीला मात्र जपा. आत काच असते, करकचून वळवली तर सिग्नल जातो. उरलेल्या फायबरचं वेटोळं ७-८ सेंटीमीटर व्यासाचं तरी ठेवा आणि सैल टांगा.

उरलेली विजेची वायरही आवळून गुंडाळू नका, भार असला की तापते. सैल आठचा आकडा करा. अ‍ॅडॅप्टर डब्यात कोंबू नका, त्यांना हवा लागते. प्रिंटरच्या वायरीला भरपूर ढील द्या. कागद अडकला की तो पुढे ओढावाच लागतो, आणि अडकतो नेमका विसाव्या तारखेला, रिटर्नच्या शेवटच्या दिवशी.

राहता राहिला फोनचा चार्जर, जो पिन काढली की टेबलामागे पडतो. मोठी बाइंडर क्लिप टेबलाच्या कडेला लावा. तिची तारेची एक कडी दाबून काढा, वायर तिच्यात घाला, कडी परत बसवा. पिनेचं डोकं कडीत अडकतं. जाड फळीवर क्लिप बसत नसेल तर ड्रॉवरच्या कडेला लावा.