ऑनलाइन वर्ग, ग्रुप, असाइनमेंट: स्त्रीवादी पद्धतीने शिकवायचंय ना, मग या चुका टाळा

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. २०२० मध्ये सगळं रातोरात मोबाईलवर आलं तेव्हा लिंगभावाच्या पेपरसाठी मी जीव ओतून स्लाइड्स बनवल्या, पण वर्ग चालायचा जुन्याच पद्धतीने, मी बोलत राहायचे आणि समोर चाळीस काळे चौकोन. हळूहळू कळत गेलं की स्त्रीवाद नुसता सिलॅबसमध्ये असून भागत नाही. डेडलाइन किती वाजता ठेवतो, नंबर कोणाकोणाला दिसतो, माऊस कोणाच्या हातात जातो, तिथे तो दिसायला हवा. आपण जी सेटिंग आहे तशीच वापरतो तिच्यात एक विद्यार्थी आधीच धरलेला असतो: स्वतःचा फोन, स्वतःची खोली आणि संध्याकाळी मोकळा वेळ असलेला मुलगा. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली ह्यात बसत नाहीत.

फोन तिचाच आहे असं गृहीत धरणं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचवा फेरा २०१९ ते २१ मधला. त्यात देशभरात फक्त ३३.३ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं, पुरुष ५७.१ टक्के. कॉलेजात पोचलेल्या मुलींचं बरं असेल असं आपल्याला वाटतं, पण घरात फोन असणं वेगळं आणि तो तिच्या हातात असणं वेगळं.

माझी एक विद्यार्थिनी प्रत्येक असाइनमेंट रात्री बाराला पाच-दहा मिनिटं असताना टाकायची, कधी बाराच्या पुढेही. मी दोनदा तिला सगळ्यांसमोर बोलले. नंतर कळलं की फोन भावाचा, तो सेकंड शिफ्ट करून अकराच्या पुढे घरी येणार, त्याला वाढायचं, भांडी घासायची आणि मग फोन मिळणार. उत्तरं तिने दुपारीच वहीत लिहून ठेवलेली असायची, राहायचा फक्त फोटो. ते बोलणं मला आजही टोचतं.

म्हणून सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात विचारून घ्या, फोन कोणाचा, किती वाजता मिळतो, नेटपॅक कोण मारतं. आणि हे कागदावर विचारा, गुगल फॉर्मवर नको, कारण जिच्याकडे फोनच नाही ती फॉर्म भरणार कशी. डेडलाइन एका रात्रीची न ठेवता दोन-तीन दिवसांची मुदत द्या, वहीचा फोटो चालवून घ्या, तासाभराच्या व्हिडिओऐवजी दहा-बारा मिनिटांचा ऑडिओ पाठवा. ऑडिओ स्वयंपाक करता करता ऐकता येतो, हे मला मुलींनीच सांगितलं.

"कॅमेरा ऑन करा, नाहीतर हजेरी नाही"

एका खोलीच्या घरात मागे सासूबाई झोपलेल्या असतात, कोणी अंघोळ करून आलेलं असतं, लग्न झालेल्या मुलीला घरात लेक्चर ऐकायचीच परवानगी कशीबशी मिळालेली असते. कॅमेरा सक्तीचा केला की ती मुलगी लिंकच उघडत नाही, आपल्याला वाटतं इंटरेस्ट नाही. हजेरी चॅटमधल्या एका ओळीवर घ्या, आजच्या तासातलं काय पटलं नाही ते लिहा म्हणावं, त्यातून शिकणंही कळतं. चेहरा ओळखून परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तर फार जपून. २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या संगणक-संशोधक बायकांनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष ठरवणाऱ्या सिस्टीम तपासल्या होत्या, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त ०.८ टक्के. तेव्हा "सिस्टीमने पकडलं" एवढ्यावर कोणाला कॉपीबहाद्दर ठरवू नका.

सगळ्यांना एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकणं

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते हेच. आपण सोय म्हणून वर्गाचा ग्रुप काढतो आणि त्या क्षणी साठ-सत्तर जणांना प्रत्येक मुलीचा नंबर मिळतो, डीपीसकट. दोन दिवसांत "हाय", मग "ओळखलंस का", मग रात्री मिस्ड कॉल. मुलगी घरी सांगू शकत नाही कारण घरी सांगितलं तर पहिला फोन जाईल आणि मग कॉलेज, तर ती काय करते, गुपचूप ग्रुप सोडते, आणि परीक्षेचं टाइमटेबल तिला कळतच नाही. आपण म्हणतो, ग्रुपवर टाकलं होतं की!

व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी काढली तर तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये मेंबरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त अ‍ॅडमिनला दिसतात. सूचना तिथेच टाका. ब्रॉडकास्ट लिस्टही चालते, मात्र तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, बऱ्याच जणांचं "मेसेज पोचलाच नाही" इथे अडकलेलं असतं. सीआरची, म्हणजे वर्गप्रतिनिधीची, जबाबदारी एक मुलगा आणि एक मुलगी अशी वाटून द्या आणि तिचा नंबर बोर्डावर लावू नका.

त्रास झालाच तर "ब्लॉक कर आणि सोडून दे" म्हणू नका. मेसेज डिलीट करायच्या आधी तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, लैंगिक छळाविरुद्धचे २०१५ चे नियम आहेत, त्यानुसार प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी, आणि मोबाईलवरून झालेला त्रासही तिच्याकडे नेता येतो. समितीत कोण आहे ते जूनमध्येच वर्गात सांगून ठेवा, वेळ आल्यावर शोधत बसू नये.

प्रोजेक्टच्या गटात मुलींना फाईल, मुलांना लॅपटॉप

लॅबमध्ये जरा मागे उभं राहून बघा. एका मशीनवर चौघं, माऊस मुलाच्या हातात, शेजारची मुलगी वहीत स्टेप्स उतरवून घेतेय, आणि शेवटी सुंदर अक्षरात मुखपृष्ठ तीच करणार. कोणी ठरवलेलं नसतं, आपोआप होतं. दर वीस मिनिटांनी खुर्ची बदलायची एवढा एक नियम करा, पहिल्या दिवशी कुरकुर होते, चौथ्या दिवशी सवय. आणि "मुलींना टेक्निकल जमत नाही" असं कोणी म्हणालं तर १९४५-४६ मध्ये एनिअ‍ॅक ह्या अवाढव्य कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं हे नक्की सांगा.

माहिती ओतायची, आवाज घ्यायचा नाही

एक तज्ज्ञ बोलतोय आणि हजारो जण ऐकतायत, अशा ऑनलाइन कोर्सची २०१२ च्या सुमारास जगभर लाट आली. त्याच वेळी अमेरिकेत अ‍ॅन बालसामो आणि अलेक्झांड्रा जुहास ह्यांनी सुरू केलेल्या फेमटेकनेट ह्या स्त्रीवादी शिक्षक-संशोधकांच्या जाळ्याने उलटं करून बघितलं. २०१३ मध्ये त्यांचा कोर्स एकाच वेळी वेगवेगळ्या कॉलेजांत चालला, मध्यभागी एकच गुरू नाही, प्रत्येक ठिकाणचा वर्ग आपापल्या परिस्थितीप्रमाणे त्यात भर घालणार. आपल्याकडे ही गोष्ट नवीन मुळीच नाही. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय ह्या नियतकालिकात छापून आला, म्हणजे विद्यार्थिनीने स्वतःचं जगणं तेव्हाच्या नव्या तंत्रावर, छापखान्यावर नेलं. पुण्यात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी फुले-आंबेडकरांचा हाच धागा विद्यापीठाच्या वर्गात आणला. आपण मात्र मुलींना वीस मार्कांची एमसीक्यू देऊन थांबतो.

कोणी बोलतच नाही ही तक्रार असेल तर आधी स्क्रीनवर काय दिसतंय ते बघा. पूर्ण नाव आडनावासकट दिसतं, आडनावावरून जात कळते, मग तोंड कोण उघडणार? फक्त पहिलं नाव ठेवायची मुभा द्या, किंवा निनावी प्रश्न टाकता येतील असा बोर्ड ठेवा.

विकिपीडियाचं असाइनमेंट आणि उडवलेला लेख

गावातल्या, जिल्ह्यातल्या कर्तबगार बायकांवर लेख लिहून घेणं ही उत्तम असाइनमेंट आहे, पण बरेच जण पहिल्याच दिवशी नवा लेख टाकतात, तो उडतो आणि मुली खचतात. भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा इंग्रजी विकिपीडियाचा मसुदा मे २०१८ मध्ये नाकारला गेला होता, ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा कुठे लेख आला. उल्लेखनीयता, म्हणजे एखाद्यावर वेगळा लेख असावा की नाही हे, संदर्भांवर ठरते आणि बायकांवर मुळात छापूनच कमी आलेलं असतं, हे वर्गात आधी बोला, खरा धडा तोच आहे.

मराठी विकिपीडियावर सुरुवात आधीच असलेल्या लेखात एखादा संदर्भ जोडण्यापासून करा. नवा लेख धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, लिहा, गावच्या ग्रंथालयात बसून जुनी वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, स्मरणिका चाळा, निदान दोन-तीन स्वतंत्र संदर्भ हातात आल्यावरच मुख्य लेखांत हलवा. सदस्यनाव घेताना मुलींनी स्वतःचं पूर्ण नाव टाकायची गरज नाही. लेख उडालाच तर चर्चापानावर कारण विचारा, मजकूर वहीत असू द्या. आमचा एक लेख असाच उडाला होता, मुलींनी दोन महिने लागून एका जुन्या स्मरणिकेत त्या बाईंवरची दोन पानं शोधली, आणखी एक जुनं कात्रण मिळालं, आणि दुसऱ्यांदा टाकलेला लेख टिकला.