सेकंडहँड गाडी घेतलीत? चेसिस नंबर घालून रिकॉल बघा

कुडाळात माझं गॅरेज आहे. येणाऱ्या चारचाकींपैकी बऱ्याच मुंबई-पुण्याहून सेकंडहँड आणलेल्या असतात. गिऱ्हाईक ब्रेक, टायर, क्लच सगळं तपासून घेतं, पण गाडीवर रिकॉल बाकी आहे का, हे कुणी विचारत नाही. आणि कंपनीचा फोन किंवा पत्र जातं पहिल्या मालकाला. तो गाडी विकून मोकळा झालेला. तेव्हा शोध तुम्हालाच घ्यावा लागतो.

रिकॉल म्हणजे पार्टातला दोष कारखान्यातूनच आलाय हे मान्य करून कंपनीने तो फुकट दुरुस्त करून देणं किंवा बदलून देणं. वॉरंटी संपली असली, सर्व्हिसिंग बाहेर करत असलात, तरी तो फुकटच व्हायला हवा.

आरसी काढा. चेसिस नंबर १७ अक्षरी असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. गोल दिसलं तर शून्य टाका, उभी रेघ दिसली तर एक. इथेच चूक होते आणि साइट 'रिकॉल नाही' म्हणून सांगते. गाडी जुनी असेल तर आरसीवरचा नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी जुळवा. तो कुठे बॉनेटखाली, कुठे पुढच्या सीटखाली असतो. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत त्यावर गंज चढतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा, पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासा, अक्षरं उमटतात. मग कंपनीच्या साइटवर रिकॉलच्या पानात नंबर घाला. साइट जमत नसेल तर सर्व्हिस सेंटरला फोन करून तोच नंबर सांगा.

आपली गाडी नवी आहे म्हणून हे टाळू नका. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी परत बोलावल्या. डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या, म्हणजे अगदी कोऱ्या. पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असं कंपनीनेच सांगितलं होतं.

जुन्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगची. होंडा, टोयोटासकट अनेक कंपन्यांनी त्या वापरल्या. त्यांच्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या धातूच्या डब्यातलं, अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत राहिलं की बिघडतं. मग अपघातात ते नको तेवढ्या जोराने पेटतं, धातूचं डबडं फुटतं आणि तुकडे चालवणाऱ्याच्या मानेत, तोंडात घुसतात. जगभरात माणसं मेली आहेत. कोकणच्या हवेत दहा-पंधरा वर्षं राहिलेली अशी गाडी दारात असेल तर आजच नंबर तपासा. एअरबॅगला मी हात लावत नाही, दुसऱ्या कुठल्या गॅरेजवाल्यालाही लावू देऊ नका. ते काम कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरचं.

जाण्याआधी पार्ट आलाय का ते फोनवर विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते. जॉब कार्डवर 'रिकॉल' आणि पार्टाचं नाव लिहून घ्या. बाकीची कामं गळ्यात मारतील. ती नको असतील तर नको म्हणा. शून्य रुपयांचं बिल मागून घ्या, पुढे गाडी विकताना उपयोगी पडतं.

टाळाटाळ केली तर चेसिस नंबरसकट कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी तक्रार करा. तरी हलले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. आणि तुमच्या गाडीत धोक्याचा दोष आहे, पण रिकॉल निघालेलाच नाही, तर? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागतात. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर रिकॉलच्या तक्रारीची सोय आहे. पुरेशा मालकांनी तक्रारी केल्या की चौकशी होते, म्हणून तसाच दोष असलेल्या ओळखीच्यांनाही तक्रार टाकायला लावा.

सर्व्हिस सेंटरला गेलातच आहात, तर कंपनीच्या नोंदीत जुन्या मालकाच्या जागी स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर घालून घ्या.